धर्माबिर्माच्या भानगडी

परवा मामांकडे जेवायला गेलो होतो. मामेबहीण म्हणाली, कॉलेजच्या ग्रुपबरोबर रविवारी वस्तीत शिकवायला जाणार, आणि जातीपातीवरही बोलणार. झालं! मामा म्हणाले, "समाजसेवा कर हवी तर. पण धर्माबिर्माच्या भानगडीत विद्यार्थ्यांनी पडू नये. आमच्या वेळी नव्हतं असलं काही."

मामा, तुमच्या कितीतरी आधीचं सांगतो.

१८४८ साली मुंबईच्या एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये 'स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी' निघाली. दादाभाई नौरोजी त्यातलेच. निबंध वाचायचे, चर्चा करायची. धर्म आणि राजकारण मात्र वर्ज्य. अगदी तुमच्या मनासारखा नियम!

पण १८४९ मध्ये याच पोरांनी मुलींच्या शाळा काढल्या आणि पगार न घेता स्वतः शिकवलं. जगन्नाथ शंकरशेटांनी आपल्या वाड्यात जागा दिली. मुलगी शिकली तर विधवा होते, असं मानणारा तो काळ. अशा काळात मुलीच्या हातात पाटी देणं ही निव्वळ समाजसेवा होती? नियम काही म्हणो, धर्माला हात लागलाच होता.

त्याच सुमाराला मुंबईत परमहंस सभा निघाली. दादोबा पांडुरंग पुढारी, आणि सभासदांत इंग्रजी शिकलेले तरुण बरेच. जातिभेद मोडायचा, पण गुपचूप. ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव खायचा, तोही दार लावून. १८६० च्या सुमाराला सभासदांची यादी चोरीला गेली आणि नावं फुटण्याच्या भीतीने सभाच बसली.

मी त्यांना हसत नाही. वाळीत पडणं म्हणजे काय हे आपल्याला घरबसल्या कळणार नाही. पण हिशेब सरळ आहे. मुलींच्या शाळा चारचौघांत चालल्या, म्हणून मुळं धरून राहिल्या. पाव दाराआड खाल्ला, तो यादीबरोबर गेला. १८६७ मध्ये प्रार्थना समाज निघाला तेव्हा सभेतलेच काही जण पुढे होते, या वेळी उघडपणे.

म्हणजे 'समाजसेवा करा, धर्माला हात लावू नका' हा सल्ला शहाणपणाचा नाहीच. त्याने फक्त धीटपणा दाराआड जातो.

हे सगळं मी जेवताना बोललो का? नाही. आमटी वाढून घेतली आणि गप्प बसलो. म्हणजे मीही परमहंस सभेचाच!

मामा ब्लॉग वाचतात, हे मला माहीत आहे. म्हणून आता उघडपणे लिहितो : तिला जाऊ द्या.