विनाशिका मोजता, मग टँकर कोण मोजणार? 'दीपक' आणि 'शक्ती'ची गोष्ट

नवी विनाशिका नौदलात आली की तिच्यावर क्षेपणास्त्रे किती, हे आपण आवर्जून वाचतो. भर समुद्रात तिचे इंधन संपत आले तर काय, हे मात्र कुणी विचारत नाही. उत्तर आहे फ्लीट टँकर.

आपल्याकडची 'दीपक' आणि 'शक्ती' ही जोडी इटलीच्या फिनकान्तिएरीने बांधली. दोन्ही २०११ मध्ये दाखल झाल्या. 'दीपक' मुंबईत, 'शक्ती' विशाखापट्टणमला. लांबी १७५ मीटर, पूर्ण भारासह वजन सुमारे २७,५०० टन, आणि तासाला १,५०० टन इंधन देण्याची क्षमता.

हे काम पेट्रोल पंपासारखे नाही. टँकर आणि युद्धनौका थोडेसे अंतर ठेवून, एकाच वेगाने शेजारीशेजारी धावतात. मधल्या तारेवरून होज पलीकडे जातो. दोन जहाजांमधून पाणी वेगाने वाहते, तिथला दाब घटतो आणि जहाजे एकमेकांकडे ओढली जातात. बर्नुलीचा सिद्धांत परीक्षेपुरता पाठ केलेल्यांनी सुकाणूवरच्या माणसाचा विचार करावा!

'विक्रमादित्य' २०१३ मध्ये रशियाहून निघाली, तेव्हा सोबतीला 'दीपक' होती. डिसेंबर २०१४ मध्ये मालेतील जलशुद्धीकरण प्रकल्पाला आग लागली आणि शहराचे पिण्याचे पाणी तुटले. तेव्हा हीच 'दीपक' सुमारे हजार टन पाणी घेऊन मालदीवला गेली. 'शक्ती' मे २०२४ मध्ये 'दिल्ली' आणि 'किल्तान'सोबत सिंगापूर आणि फिलिपिन्सला जाऊन आली.

या खरेदीत सगळे गोड नव्हते. पोलादाच्या दर्जावरून 'कॅग'ने ताशेरे ओढले होते.

माझा मुद्दा संख्येचा आहे. या दोघी, १९९६ ची 'ज्योती' आणि २००० ची 'आदित्य' असे मोठे टँकर चारच. किनारे दोन, ताफे दोन. एक दुरुस्तीला गोदीत गेला की उरले तीन. मित्रदेशाचा टँकर मिळतो. सप्टेंबर २०२० मध्ये 'तलवार'ने अरबी समुद्रात अमेरिकेच्या 'युकॉन'कडून इंधन घेतले. पण युद्धाच्या दिवशी तो मिळेलच, असे धरून चालता येत नाही.

म्हणून ऑगस्ट २०२३ चा करार विमानवाहू नौकेइतकाच महत्त्वाचा वाटतो. विशाखापट्टणमच्या हिंदुस्तान शिपयार्डला सुमारे १९,००० कोटींत प्रत्येकी ४४,००० टनांची पाच फ्लीट सपोर्ट जहाजे बांधायची आहेत. पहिले २०२७ च्या मध्यास द्यायचे ठरले आहे. नौदलाच्या पुढच्या पत्रकार परिषदेत पहिला प्रश्न या तारखेचा विचारायला हवा.