संगणकाच्या पदवीला अभियांत्रिकीचा कस लावा

प्रति,
मा. अध्यक्ष,
अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषद, नवी दिल्ली

महोदय,


सॉफ्टवेअर घडवणं ही खरी अभियांत्रिकी आहे का, हा वाद जुना आहे. पुलाला निसर्गाचे नियम असतात, प्रोग्रामला कसले, असं म्हणून स्थापत्यवाले तो निकालात काढतात. संगणकवाले पगाराच्या आकड्याकडे बोट दाखवतात. मी संगणक विभागात शिकवते. माझं मत असं, की ती खरी अभियांत्रिकी होऊ शकते, काही ठिकाणी झालीही आहे. पण आपण मुलांना ती शिकवत नाही.

ती जिथे झाली, त्याचं एक उदाहरण पाहा. पॅरिस मेट्रोची १४ क्रमांकाची मार्गिका १९९८ साली चालकाविना सुरू झाली. तिथल्या गाड्यांची सुरक्षा सांभाळणारा प्रोग्राम ‘बी’ या गणिती पद्धतीनं, पायरीपायरीला सिद्धता देत लिहिला गेला.

याच्या उलट थेरॅक-२५ हे कर्करोगावरच्या किरणोपचाराचं यंत्र. आधीच्या मॉडेलमधले, धोका दिसताच यंत्र रोखणारे स्वतंत्र इंटरलॉक काढून सगळी भिस्त प्रोग्रामवर ठेवली होती. १९८६ साली टेक्सासमधल्या टायलर इथे ऑपरेटरनं किरणांचा प्रकार निवडताना ‘ई’ऐवजी ‘एक्स’ दाबलं आणि लगेच कर्सर वर नेऊन चूक दुरुस्त केली. यंत्रातली चुंबकं जुळायला सुमारे ८ सेकंद लागत. तेवढ्यात झालेली दुरुस्ती प्रोग्रामनं टिपलीच नाही. पडद्यावर फक्त ‘मालफंक्शन ५४’ उमटलं. रुग्णाला प्रचंड मात्रा बसली आणि पुढे तो दगावला. १९८५ ते १९८७ या काळात अशी अतिमात्रा बसण्याचे ६ अपघात झाले. यंत्राच्या सुरक्षा-विश्लेषणात प्रोग्राममधल्या चुका जमेसच धरल्या नव्हत्या.

आमचा विद्यार्थी मात्र सॉफ्टवेअर टप्प्याटप्प्यानं घडवण्याच्या वॉटरफॉल मॉडेलची आकृती पाठ करतो, जर्नलवर सही घेतो आणि शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट परीक्षकासमोर एकदा चालवून दाखवतो. चुकीची माहिती भरली तर काय होईल, दोघांनी एकाच वेळी बटण दाबलं तर काय होईल, हे सहसा कुणी विचारत नाही. इमारतींचं तसं नाही. मुंबईत ३० वर्षांपेक्षा जुन्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट सक्तीचं आहे. नोंदणीकृत अभियंत्याला आपल्या सहीनिशी अहवाल द्यावा लागतो. लाखो लोकांचे पैसे किंवा औषधाची मात्रा सांभाळणाऱ्या प्रोग्रामखाली अशी सही कुणाची असते?

म्हणून परिषदेच्या आदर्श अभ्यासक्रमात तीन गोष्टी याव्यात, अशी माझी मागणी आहे.

पहिली, सॉफ्टवेअरमुळे घडलेल्या दुर्घटनांचा अभ्यास हा सक्तीचा विषय व्हावा आणि त्यात मूळ चौकशी अहवाल वाचून घ्यावेत.

दुसरी, प्रत्येक गटाचा प्रोजेक्ट दुसऱ्या गटानं मोडून पाहावा आणि त्या तपासणीला प्रोजेक्टइतकेच गुण असावेत.

तिसरी, आपण काय तपासलं, काय तपासायचं राहिलं आणि हा प्रोग्राम कुठे वापरू नये, हे विद्यार्थ्यानं अहवालात स्वतःच्या सहीनिशी लिहावं.

यासाठी महागड्या प्रयोगशाळा लागणार नाहीत. लागतील ते असं शिकवू शकणारे शिक्षक. त्यांच्या प्रशिक्षणाची जबाबदारी परिषदेनं घ्यावी. आम्ही शिकायला तयार आहोत. रुग्णालयांचे आणि रेल्वेचे प्रोग्राम उद्या हीच मुलं लिहिणार आहेत. त्यांच्या हाती अभियंत्याची पदवी देताना अभियंत्याची जबाबदारीही द्यायला हवी.

आपली विश्वासू,
संगणक अभियांत्रिकीची एक प्राध्यापिका