मोठं वळण, लहान वळण

मैत्रिणींनो, पहिलीतल्या मुलांना अक्षर शिकवताना मी आधी पाटीभर 'अ' काढायला लावते. खांद्यापासून हात फिरला, की वळण कुठून सुरू होतं नि कुठं संपतं ते मुलाला कळतं. मग येते दुरेघी वही. तिथं तेच वळण नखाएवढ्या जागेत बसवायचं. अक्षर लहान होतं, वळण बदलत नाही. शाळेत शिकवलेली ही गोष्ट घरी मात्र मी विसरले आणि त्याचा त्रास झाला आमच्या आत्यांना. (सासूबाईंना मी आत्या म्हणते.)

गेल्या पावसाळ्यात आत्या मोरीत घसरल्या. हाड मोडलं नाही, पण भीती बसली. पाय उचलेचनात, फरशीवरून घासत चालायच्या. लेकीला सोडायला खुटबाव स्टेशनापर्यंत जाणारी बाई अंगणात उतरेना! मी शाळेपासून सूर्यनमस्कार घालणारी. म्हटलं, व्यायामानं होईल ठीक. उत्साहानं त्यांना लांब पाऊल टाकायला, गुडघ्यात खोल वाकायला लावलं. तिसऱ्या दिवशी गुडघा टम्म सुजला. आत्या म्हणाल्या, "माझ्याच भल्यासाठी करतीस गं, पण आता मला तुझं बी भ्या वाटतंय." ते बोलणं मला फार लागलं. डॉक्टरांनी आधी विश्रांती सांगितली. सूज उतरल्यावर मात्र हालचाल हवीच, पण बेतानं, असं बजावलं.

बेतानं म्हणजे किती? मग मी वाचायला घेतलं. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी (१८६८-१९५१) यांनी आपल्या संस्थानातल्या शाळांत सूर्यनमस्कार रुजवले. ती झाली पाटीवरची मोठी अक्षरं: पाय पूर्ण मागे, पाठ पूर्ण ताणलेली. पुण्यात १९३७ पासून योग शिकवणाऱ्या बी. के. एस. अय्यंगारांनी खुर्ची, पट्टा, लाकडी ठोकळे वापरात आणले. हात जमिनीला टेकत नसेल, तर ठोकळ्यावर टेकवा. ताण कमी झाला तरी आसनाची ठेवण सुटत नाही.

चीनमधल्या ताई ची या संथ व्यायामात तर हा फरक उघडच मानतात. यांग चंगफू (१८८३-१९३६) यांच्या पद्धतीत पावलं लांब, हात ऐसपैस. वू यूशियांग (१८१२-८०) यांच्या पद्धतीत उभं राहणं उंच, पाऊल आखूड, हात अंगाजवळ. मोठ्या पद्धतीत मांड्या आणि गुडघ्यांवर भार जास्त, पण चूक लगेच दिसते, म्हणून शिकायला ती बरी. लहान पद्धतीत भार कमी, पण लक्ष जास्त लागतं. लहान हालचाल म्हणजे अर्धवट हालचाल नव्हे! दोन्हींचा गाभा एकच: अंगाचा भार एका पायावरून दुसऱ्यावर सावकाश न्यायचा. म्हातारपणी तोल जातो तो बरेचदा इथंच. ताई चीमुळे वृद्धांचं पडणं कमी होतं, असं अनेक अभ्यासांत दिसलं आहे.

आम्ही घरी असं केलं. जड खुर्ची भिंतीला टेकवली. फरशी कोरडी, पाय अनवाणी. खुर्चीची पाठ धरून पावलांत वीतभर अंतर ठेवायचं, गुडघे किंचित सैल. भार हळूहळू उजव्या पायावर न्यायचा, डावी टाच हलकी वाटेपर्यंत. मग तसाच डावीकडे. दोन्हीकडे पाच-पाच वेळा, श्वास न रोखता. पहिला आठवडा पाऊल उचलायचंच नाही. मग फक्त टाच उचलायची. ते जमल्यावर एक आखूड पाऊल पुढं, आधी टाच टेकवून. शेजारी कुणीतरी उभं हवंच. गुडघा दुखला, चक्कर आली तर लगेच थांबा. सांध्याचं किंवा रक्तदाबाचं दुखणं असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा.

आणि तिशी-चाळिशीतल्या आपण? गुडघे धड आहेत तोवर मोठं वळण गिरवून घ्यावं. वळण अंगात मुरलं, की पुढं ते लहान करता येतं.

आत्या अजून स्टेशनापर्यंत जात नाहीत. पण परवा मी शाळेतून आले, तर तुळशीपाशी उभ्या. खुर्ची घरात, हात मोकळे. मला बघून म्हणाल्या, "वरडू नगंस. एकच पायरी उतरलेय."

मी कशाला ओरडतेय! तुमच्या घरी कुणी असं घासत चालत असेल, तर आजच भिंतीला एक खुर्ची टेकवा. आणि हो, मोरीतलं शेवाळ आधी घासून काढा!