वास्तूचा दोष की माणसांचा?

परवा चैत्रातल्या हळदीकुंकवाला आमच्या गल्लीतल्या बायका जमल्या होत्या. डाळ-पन्हे झाले, ओट्या भरून झाल्या आणि विषय निघाला शेजारच्या घरच्या सुनेच्या स्वयंपाकघराचा. बिचारीने नवऱ्याबरोबर काटकसर करून, कर्ज काढून दोन वर्षांपूर्वी घर बांधले. त्यानंतर धंद्यात खोट आली. आता कोणा वास्तुपंडिताने सांगितले आहे, की ओटा फोडा, जिना पाडून दुसऱ्या बाजूला घ्या, नाहीतर लक्ष्मी घरात ठरणार नाही. खर्च अडीच-तीन लाखांचा. तो कुठून करायचा? तर तिच्या माहेरच्या पाटल्या मोडून!

पोर रडवेली झाली होती. तेवढ्यात एक वयस्क बाई म्हणाल्या, "अगं, देशाच्या पार्लमेंटची वास्तूसुद्धा चुकली होती म्हणतात. गोल होती ना! शेवटी नवी बांधावी लागली. मग तुझ्या ओट्याचं काय घेऊन बसलीस?" सगळ्यांनी माना डोलावल्या. हळदीकुंकवात वाद घालू नये, म्हणून मी गप्प बसले. पण तिने जाताना माझा हात धरून विचारले, "काकू, तुम्हीच सांगा, काय करू?" त्याचे उत्तर आज इथे देते. तुमच्यापैकी कितीजणींना हाच प्रश्न पडला असेल!

आधी त्या पार्लमेंटचेच बघू. दिल्लीच्या जुन्या संसद भवनाचा पाया १२ फेब्रुवारी १९२१ला घातला गेला आणि १८ जानेवारी १९२७ला त्याचे उद्घाटन झाले. इंग्रजांनी बांधलेली ही गोल इमारत अशुभ, असे सांगणारे वास्तुतज्ज्ञ पुष्कळ निघाले. १३ डिसेंबर २००१ रोजी संसदेवर हल्ला झाला, तेव्हा तर त्यांना आयताच पुरावा मिळाला. पण बायांनो, १४ ऑगस्ट १९४७च्या मध्यरात्री स्वातंत्र्य आले ते ह्याच गोल इमारतीत. २६ नोव्हेंबर १९४९ला राज्यघटना स्वीकारली गेली तीही इथेच. शुभ झाले ते माणसांमुळे आणि अशुभ झाले ते भिंतींमुळे, हा कुठला न्याय? नवी इमारत बांधताना सरकारने कारण दिले होते ते जागा अपुरी पडते आणि इमारत जुनी झाली, हे. ती त्रिकोणी इमारत २८ मे २०२३ रोजी सुरू झाली. आणि त्याच वर्षी, पुन्हा १३ डिसेंबरलाच, दोन तरुणांनी प्रेक्षकांच्या गॅलरीतून सभागृहात उडी मारून रंगीत धूर सोडला! आकार बदलला, पण दारावरची तपासणी कमी पडली. पहारा ढिला असेल तर गोल काय आणि त्रिकोणी काय!

दुसरी गोष्ट हैदराबादची. ते आपल्याला परके नाही. १९४८च्या सप्टेंबरपर्यंत आपले जालना निजामाच्या राज्यातच होते. आमचे मामंजी कोर्टाच्या कागदाला शेवटपर्यंत उर्दू शब्द वापरत. तर तिथे तेलंगणचे पहिले मुख्यमंत्री के. चंद्रशेखर राव ह्यांना जुन्या सचिवालयाची वास्तू सदोष वाटे. २०२० साली ते पाडायला घेतले, आणि मोठा खर्च करून बांधलेल्या नव्या सचिवालयाचे ३० एप्रिल २०२३ रोजी उद्घाटन झाले. त्याच वर्षी डिसेंबरात निवडणुकीचा निकाल लागला आणि त्यांचे सरकार गेले. सत्ता टिकली ती सदोष म्हटलेल्या वास्तूच्या काळात, आणि गेली ती निर्दोष वास्तूत आठ महिनेसुद्धा पुरे व्हायच्या आत! आमच्या मुंबईच्या मंत्रालयाची तरी काय कथा? सहाव्या मजल्यावरचे ६०२ क्रमांकाचे दालन बऱ्याच मंत्र्यांना नको असते म्हणे.

आता आपल्या घरच्या वाड्याकडे या. पुण्याचा शनिवारवाडा. शाळेच्या सहलीत आपण सगळ्यांनी पाहिलेला. तिथे एक ससा कुत्र्याच्या मागे लागलेला बाजीरावसाहेबांना दिसला, म्हणून ती भूमी पराक्रमी ठरली, अशी दंतकथा आहे. गंमत अशी, की हीच सशाची गोष्ट विजयनगरची सांगतात आणि अहमदाबादचीही सांगतात. विजयनगर १५६५ साली उद्ध्वस्त झाले आणि अहमदाबाद आजही गजबजलेले आहे. ससा एकच, नशिबे मात्र वेगवेगळी.

शनिवारवाड्याचा पाया १० जानेवारी १७३०ला घातला आणि वास्तुशांत २२ जानेवारी १७३२ला झाली. मुहूर्तात, होमहवनात काही उणे राहिले असेल का? तरी त्याच वाड्यात ३० ऑगस्ट १७७३ रोजी कोवळ्या वयाच्या नारायणरावांचा खून झाला. पण ह्याच वाड्यातून थोरल्या माधवरावांनी पानिपतानंतर मोडलेले राज्य पुन्हा सावरले होते. वाडा तोच, दिशा त्याच. फरक पडला तो आत राहणाऱ्यांच्या आपसातल्या वागण्यात. घरातली भाऊबंदकी इंग्रजांच्या दारात गेली, आणि ३१ डिसेंबर १८०२ रोजी दुसऱ्या बाजीरावांनी वसईचा तह करून बसले.

त्या तहाचे पाणी कुठे मुरले, ठाऊक आहे? आपल्याच जिल्ह्यात. असईला २३ सप्टेंबर १८०३ रोजी दौलतराव शिंदे आणि नागपूरकर भोसले ह्यांची फौज इंग्रजांशी लढली. आपली फौज कितीतरी पट मोठी, तोफा शंभराच्या आसपास. केळणा आणि जुई ह्या दोन नद्यांच्या मधली जागा. इंग्रज सेनापती वेलस्लीला वाटाड्यांनी सांगितले, नदीला इथे उतार नाही. त्याने बघितले, तर नदीच्या दोन्ही काठांना समोरासमोर दोन गावे. म्हणजे माणसे ये-जा करत असणारच, इथे उतार असणारच! त्याने तिथूनच फौज उतरवली. त्याचीही माणसे फार पडली, पण लढाई त्याने जिंकली. आपण राजूरच्या गणपतीला जातो-येतो, पण ही गोष्ट मुलांना सांगत नाही. राज्याचे दैव फिरले ते कोपऱ्यातल्या दोषाने नव्हे. आपले सरदार एक नव्हते आणि समोरचा डोळे उघडे ठेवून होता.

तुम्ही म्हणाल, ही झाली राजा-मंत्र्यांची गोष्ट, आमच्या संसाराशी तिचा काय संबंध? आहे, म्हणूनच सांगते. आणि आता जे सांगणार आहे, ते मी आजवर कुणाला सांगितलेले नाही.

मी १९८५ साली लग्न होऊन जालन्यात आले. आमच्या अंगणात आग्नेयेच्या कोपऱ्यात जुना आड होता. १९७२च्या दुष्काळात त्या आडाने अर्धी गल्ली जगवली, असे सासूबाई अभिमानाने सांगत. ह्यांचे मोंढ्यात भुसाराचे दुकान. १९९६च्या सुमारास दुकान बसले. कारण सरळ होते. उधारी फार झाली होती आणि दोन हंगाम वसुली झाली नव्हती. पण घरात कुजबुज सुरू झाली, की हिच्या पायगुणानं असं होतंय. दहा वर्षांच्या संसारानंतर पायगुण! मी रात्र-रात्र झोपत नसे.

अशात कोणीतरी एका वास्तुपंडिताला घेऊन आले. त्याने होकायंत्र फिरवले आणि म्हणाला, "आग्नेय म्हणजे अग्नीचा कोपरा, तिथे पाणी! सगळा दोष ह्या आडाचा आहे." मैत्रिणींनो, खरे सांगते, मला त्या क्षणी केवढे हायसे वाटले! दोष माझ्या पायाचा नव्हता, आडाचा होता. आठ दिवसांत मुरमाच्या गाड्या आल्या. रहाट काढला, पोहरा काढला. सासूबाई आत देवघरात जाऊन बसल्या होत्या. मामंजींनी मला विचारले, "सूनबाई, तुला काय वाटतं?" मी बोलले असते तर कदाचित आड वाचला असता. मी म्हटले, "तुम्ही म्हणाल तसं." आड राहिला तर दोष पुन्हा माझ्याकडे येईल, ही भीती होती.

पुढच्या वर्षी पीक चांगले आले, उधारी वसूल झाली, श्रेय पंडिताला मिळाले. दोन वर्षांनी पुन्हा खोट आली, तेव्हा तोच म्हणाला, आता जिना बदला!

आणि मग आला २०१२-१३चा दुष्काळ. निजामाच्या काळातला घाणेवाडीचा तलाव आटला. आमच्या नळाला पंधरा-पंधरा दिवस पाणी येईना. टँकरच्या मागे हंडे घेऊन धावताना माझा पाय मुरगळला आणि महिनाभर सासूबाईंनी, त्या वयात, रांगेत उभे राहून पाणी भरले. त्या आडाला तेव्हा पाणी असते की नसते, देव जाणे. पण सासूबाई एकदाही म्हणाल्या नाहीत, की आड असता तर. त्या न बोलण्यानेच मला जास्त लागले.

तेव्हा मला कळले, की मंत्री काय आणि आपण काय, इमारतीला दोष देतो तो सोयीचा असतो म्हणून. मग चुकलेल्या निर्णयाचा जाब कुणी विचारत नाही. ह्यांच्या उधारीची वही कुणी उघडली नाही, आड मात्र बुजवला.

जुन्या शास्त्रात सगळे टाकाऊ आहे, असे मी म्हणत नाही. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत घराबरोबर जमिनीखालचे पाणी कसे शोधावे, ह्याचाही अध्याय आहे. आपले पूर्वज पाणी शोधत होते, बुजवत नव्हते! म्हणून कोणी बदल सुचवला, तर एवढे करा:

त्यामागचे कारण विचारा. उजेड, वारा, धूर, सांडपाणी ह्यांपैकी काही सुधारणार असेल तर जरूर ऐका. ओट्याजवळ सकाळचे ऊन आणि धूर जायला समोरासमोर खिडकी असणे केव्हाही चांगलेच.

हातोडा मारण्याआधी एक वर्षाची जमाखर्चाची वही नवऱ्यासोबत बसून तपासा. गळती बहुतेक तिथेच सापडते.

भिंत किंवा जिना इंजिनिअरला दाखवल्याशिवाय तोडू नका. कुठल्या भिंतीवर किती भार आहे, हे होकायंत्राला कळत नाही.

पाण्याची जागा कधीही बुजवू नका. आड-बोअरपासून संडासाची टाकी निदान ५० फूट लांब आहे ना, एवढा दोष मात्र जरूर शोधा. आणि गच्चीचे पाणी वाया घालवू नका. १००० चौरस फुटांच्या गच्चीवर एक इंच पाऊस पडला तर सुमारे २३०० लिटर पाणी होते!

महाराष्ट्राचा २०१३चा जादूटोणाविरोधी कायदा आहे, पण वास्तुशास्त्राचा सल्ला त्यातून वगळलेला आहे. तेव्हा इथे आपली राखण आपणच करायची.

आणि घरात 'पायगुण' हा शब्द कुणी उच्चारला, तर तिथल्या तिथे थांबवा. तुमच्या सुनेसाठी थांबवा, जावेसाठी थांबवा. तो शब्द नसता, तर आमचा आड बुजला नसता.

आमच्या आडाच्या जागी आता फरशी आहे. तिच्यावरून जाताना मी अजूनही वळसा घालते. शेजारच्या माझ्या लेकी, तुझ्या पाटल्या हातातच राहू देत. उद्या दुपारी जमाखर्चाची वही घेऊन ये, आपण दोघी बसू.