परवाना अवजड, प्रशिक्षण हलके

गोव्यातील खाणी २०१२ मध्ये बंद झाल्या, मध्यंतरी काही काळ चालल्या आणि सर्वोच्च न्यायालयाच्या निवाड्यानंतर मार्च २०१८ मध्ये पुन्हा थांबल्या. लिलावातून दिलेल्या खाणपट्ट्यांवर आता टप्प्याटप्प्याने काम सुरू होत असताना खाणपट्ट्यात चर्चा आहे ती ट्रकांची, दराची आणि फेऱ्यांची. हे ट्रक चालवणार कोण आणि त्यांची तयारी कोण करून घेणार, हा प्रश्न मात्र मागेच राहिला आहे.

कायद्यातील वाट वरकरणी स्पष्ट आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ नुसार परिवहन वाहन चालविण्यासाठी वयाची वीस वर्षे पूर्ण असावी लागतात. हलक्या वाहनाचा परवाना किमान एक वर्ष हाती असल्याशिवाय शिकाऊ परवानाही मिळत नाही. त्यानंतर वैद्यकीय प्रमाणपत्र, ड्रायव्हिंग स्कूलचा दाखला आणि शेवटी वाहतूक खात्याची चाचणी. २०१९ च्या दुरुस्तीने या परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षे झाली. मात्र मुदत संपून वर्ष उलटले, तर नूतनीकरणासाठी पुन्हा चाचणी द्यावी लागते. खाणबंदीच्या काळात ज्या चालकांनी नूतनीकरण केले नाही, त्यांना ही तरतूद आज थेट लागू होते.

त्याच वर्षी केंद्राने व्यावसायिक चालकांसाठी असलेली आठवी उत्तीर्णतेची अट रद्द केली. हरयाणातील मेवात भागातील तरुणांसाठी त्या राज्य सरकारने ही मागणी केली होती आणि देशात सुमारे २२ लाख चालकांची कमतरता असल्याचे केंद्राने त्या वेळी सांगितले होते. निर्णय योग्यच होता. गाडी हाकण्याचे कसब शाळेच्या दाखल्यावरून ठरत नाही. परंतु शिक्षणाची अट काढताना प्रशिक्षण व चाचणी अधिक कठोर करण्याची हमीही देण्यात आली होती. खरी तपासणी तिथे व्हायला हवी.

केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार परिवहन वाहनाचे प्रशिक्षण किमान तीस दिवसांचे असावे लागते आणि त्यात प्रत्यक्ष गाडी चालवण्याचे तास पंधरापेक्षा कमी असता कामा नयेत. पंधरा तास म्हणजे दिवसाला सरासरी अर्धा तास. २०२१ पासून लागू झालेल्या मान्यताप्राप्त प्रशिक्षण केंद्रांच्या नियमांत मध्यम व अवजड वाहनांसाठी सहा आठवड्यांत ३८ तासांचा अभ्यासक्रम आहे. मात्र ते तास वर्ग आणि प्रात्यक्षिक मिळून मोजायचे आहेत, आणि तेथे उत्तीर्ण होणाऱ्यास खात्याच्या चाचणीतून सूट मिळते.

चाचणीची यादी वाचली तर नियमकर्त्यांना घाटाची जाण होती, असे दिसते. चढावर थांबवलेली गाडी मागे न सरकता पुढे काढणे, उतारावर चटकन खालच्या गिअरमध्ये येणे, अरुंद जागेत मागे घेणे, हे सारे त्यात आहे. परंतु चाचणी मालाने भरलेल्या गाडीवरच घ्यावी, असे त्यात म्हटलेले नाही. रिकामा आणि भरलेला ट्रक या चालकाच्या दृष्टीने दोन वेगळ्या गाड्या असतात. भरलेली गाडी उतारावर केवळ ब्रेकवर सांभाळू पाहिली, तर ब्रेक तापतात आणि ऐन वेळी पकड सोडतात. ‘ज्या गिअरमध्ये चढलात, त्याच गिअरमध्ये उतरा’ हा जुन्या चालकांचा धडा यातूनच आला. बेळगावचा भाजीपाला घेऊन चोर्ला वा अनमोड घाट उतरणाऱ्या चालकाला तो सांगावा लागत नाही. नवख्याला तो कोणीतरी शिकवावा लागतो.

पूर्वी हे काम रस्त्यावरच होत असे. क्लीनर म्हणून चढलेला पोरगा उस्तादाशेजारी काही वर्षे काढून चालक होई. त्या व्यवस्थेत शोषण होते, बेकायदा प्रकारही होते. पण अनुभव मिळत असे. आता खर्च वाचवण्यासाठी क्लीनरविना गाड्या धावतात आणि ती अनौपचारिक शाळाही मिटत चालली आहे. तिची जागा पंधरा तासांनी भरून निघणारी नाही.

नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या पाच सदस्यीय घटनापीठाने साडेसात हजार किलोपर्यंतच्या परिवहन वाहनासाठी हलक्या वाहनाचा परवाना पुरेसा मानला. याचाच अर्थ, वेगळ्या कसोटीचे खरे प्रयोजन त्यावरील वजनाच्या गाड्यांसाठी उरते. ती कसोटी मग नावापुरती राहून कशी चालेल? युरोपीय संघात व्यावसायिक ट्रक व बसचालकांना दर पाच वर्षांनी ३५ तासांचे उजळणी प्रशिक्षण घ्यावे लागते. आपल्याकडे धोकादायक मालाची वाहतूक करणाऱ्यांना नूतनीकरणावेळी एक दिवसाची उजळणी सक्तीची आहे. इतरांना तीही नाही.

देशात २०२२ मध्ये रस्ते अपघातांत १,६८,४९१ जणांचे प्राण गेले. अपघातानंतर चालकाला किती वर्षांची शिक्षा असावी, यावर जानेवारी २०२४ मध्ये देशभर चक्काजाम झाला. त्याला आपण काय शिकवले, यावर तेवढी चर्चा कधी झाली नाही. खनिज वाहतुकीचा मार्ग गावांतून, शाळांसमोरून जातो. ती पूर्ण क्षमतेने सुरू होण्याआधी खाणपट्ट्यातील चालकांना भरलेल्या गाडीवर आणि खऱ्या उतारावर शिकवण्याची सोय राज्याने करावी, त्याचा खर्च खनिजाच्या महसुलातून उचलावा. घरटी एक ट्रक असलेल्या गावांना ते देणे लागतेच.