फक्त स्नायू नको, अख्खी बाई तपासा



खोकला आला की लघवीचे थेंब गळतात, हे एक वाक्य डॉक्टरांसमोर बोलायला मला चार वर्षं लागली. तीस वर्षं शाळेत शिकवलं, पण हे तोंडातून निघेना. हळदीकुंकवाला जाणं सोडलं, एसटीचा लांबचा प्रवास सोडला. शेवटी बोलले, तर उत्तर आलं, "बाळंतपणं झाल्यावर हे व्हायचंच. फारच वाटलं तर पिशवी काढून टाकू." गर्भाशय काढल्याने ही गळती थांबत नाही, हे मला नंतर कळलं.

दुसऱ्या दवाखान्यात केगल व्यायामाचा, म्हणजे ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळून वर उचलण्याच्या व्यायामाचा, झेरॉक्स कागद हातात दिला. अमेरिकेतले स्त्रीरोगतज्ज्ञ अर्नोल्ड केगल यांनी १९४८ मध्ये हे व्यायाम मांडले, तेव्हा आकुंचन नीट होतंय की नाही हे बाईला स्वतःला दिसावं म्हणून ते दाब मोजणारं उपकरण वापरत. तो भाग कागदावर नव्हता. मी सहा महिने रोज पोट आत ओढून खाली जोर देत राहिले, म्हणजे नेमकं उलटं करत राहिले. त्रास वाढला.

मग एक फिजिओथेरपिस्ट भेटल्या. पहिल्या दिवशी त्यांनी व्यायाम दिलाच नाही. शौचाला जोर करावा लागतो का, झोप कशी आहे, टाके कुठे पडले होते, नवऱ्याजवळ जाताना दुखतं का, सगळं विचारलं. पाण्याची बादली उचलायला लावली आणि म्हणाल्या, "बघा ताई, उचलताना तुम्ही श्वास कोंडता. तो सगळा दाब खाली जातो." तीन दिवस लघवीची नोंद वहीत करायला सांगितली. रोज चौदा वेळा! त्यातल्या निम्म्या वेळा लघवी लागलेलीच नव्हती, घराबाहेर पडण्याआधी 'जाऊन घेऊ' म्हणून गेलेले. मूत्राशयाला मीच ती सवय लावली होती. भीतीने पाणी तोडलं, त्याने मलावरोध वाढला, मलावरोधाने जोर वाढला. हे दुष्टचक्र झेरॉक्सच्या कागदाने कसं तुटणार?

'आपल्याकडे योगातला मूलबंध आहेच की, त्यातही हेच स्नायू आवळतात' असं काही जण म्हणतील. मूलबंधाबद्दल मला आदरच आहे. पण शंभर जणांच्या योगवर्गात कोण स्नायू उचलतंय आणि कोण खाली ढकलतंय, हे कोणाला दिसतं? शिवाय काही जणींचे हे स्नायू सैल नसतात, उलट कायम आवळलेले असतात. त्यांना आधी सैल सोडायला शिकवावं लागतं. आणखी आवळलं तर वेदना वाढतात. प्रोस्टेटच्या शस्त्रक्रियेनंतर गळतीने हैराण झालेल्या पुरुषांनाही याच तपासणीची गरज असते.

ब्रिटनमध्ये बायकांच्या अशा गळतीवर पहिला उपचार म्हणून किमान तीन महिने देखरेखीखालचे व्यायाम सुचवले जातात. फ्रान्समध्ये बाळंतपणानंतरच्या अशा व्यायामाच्या सत्रांचा खर्च सरकारी आरोग्यविमा उचलतो. आपल्याकडे बाळंतिणीला शेक, डिंकाचे लाडू, अळीव सगळं मिळतं; तिचं अंग खाली उतरलंय का, हे मात्र कोणी विचारत नाही.

आणि बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांचं काय? राज्य सरकारने २०१९ मध्ये नेमलेल्या समितीच्या पाहणीत ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली आढळली. डोक्यावर उसाची मोळी, फडात शौचालय नाही, पाळीतही खाडा परवडत नाही. अशा बाईच्या ओटीपोटाच्या दुखण्याचं मूळ तिच्या कामात आणि जगण्यात शोधायचं की थेट शस्त्रक्रियेच्या टेबलावर? कर्करोग असेल, रक्तस्राव थांबत नसेल, तर शस्त्रक्रिया लागते, हे मान्य. पण ती पहिली पायरी नव्हे.

माझी गळती साडेतीन महिन्यांत जवळजवळ थांबली. त्यासाठी मला दर आठवड्याला दुसऱ्या जिल्ह्यात जावं लागलं आणि पेन्शन असल्यामुळे ते झेपलं. म्हणून आरोग्य विभागाला माझी विनंती आहे: प्रत्येक जिल्हा रुग्णालयात या विषयाचं प्रशिक्षण घेतलेली एक तरी महिला फिजिओथेरपिस्ट नेमा आणि बाळाला सहाव्या आठवड्याच्या लसीसाठी आणणाऱ्या आईचीही त्याच दिवशी तपासणी करा. आणि वाचक भगिनींनो, नुसत्या गळतीसाठी कोणी पिशवी काढायला सांगत असेल, तर शस्त्रक्रियेच्या कागदावर सही करण्याआधी एकदा फिजिओथेरपिस्टला जरूर भेटा.

– एक निवृत्त शिक्षिका