आठ सप्टेंबरची गर्दी

बंगळुरूच्या शिवाजीनगरात आज सेंट मेरी बॅसिलिकेचा सण. नऊ दिवसांची नोव्हेना आटोपली. आता साडी नेसवलेली मारियामाता रथातून निघेल आणि भगवे नेसून पायी आलेले भाविक तिच्यामागे चालतील. त्यांत तमिळ-कन्नड बोलणारे जास्त, ख्रिस्ती नसलेलेही पुष्कळ. वारी पाहिलेल्याला यात परके काही वाटणार नाही. सध्याची गॉथिक इमारत १८८२ मध्ये याच तारखेला अर्पण झाली.

२०२५ च्या सणात मुख्यमंत्री सिद्धरामय्या यांनी शिवाजीनगरच्या मेट्रो स्थानकाला सेंट मेरीचे नाव देण्यासाठी शिफारस करू असे सांगितले आणि महाराष्ट्रात संताप उसळला. बंगळुरू ही शहाजीराजांची जहागीर; तिथल्या पाटीवर शिवरायांचे नाव राहावे, हे आमचेही मत. पण सणाच्या गर्दीसमोर अशी आश्वासने देणारे आणि त्यावर सीमेपलीकडून गर्जना करणारे, दोघांचाही मारियेशी फारसा संबंध नव्हता.

चर्चच्या दिनदर्शिकेतही जागेची ओढाताण असतेच. संतांचे स्मरण बहुधा मृत्यूच्या दिवशी होते, आपल्या तुकाराम बिजेसारखे. जन्मदिवस साजरे होतात ते तिघांचेच : येशू, बाप्तिस्मा देणारा योहान आणि मारिया. तिच्या जन्माची तारीख बायबलात नाही; पण ८ सप्टेंबर एकदा रूढ झाल्यावर नऊ महिने मागे मोजून ८ डिसेंबरला तिच्या गर्भसंभवाचा सण आला. बांद्र्याच्या मोतमाऊलीची जत्रा, वेलंकणीची यात्रा, मंगळुरी कोकणींचे मोंती फेस्त आणि त्यातले नव्या भाताचे जेवण, सगळे ८ सप्टेंबरभोवतीच.

मग त्याच दिवशी वारलेल्यांनी जायचे कुठे? पीटर क्लेव्हर हा स्पॅनिश जेझुइट १६५४ मध्ये ८ सप्टेंबरलाच गेला. दक्षिण अमेरिकेतल्या कार्ताहेना बंदरात आफ्रिकेतून गुलाम कोंबून आणलेली जहाजे लागत. हा अन्न-औषधे घेऊन जहाजाच्या तळात उतरे, आजाऱ्यांच्या जखमा धुई. जवळपास चाळीस वर्षे हेच काम. फ्रेडरिक ओझानामही १८५३ मध्ये ८ सप्टेंबरलाच वारला. तो ना पाद्री ना साधू. बायको-मुलगी असलेला, पॅरिसला शिकवणारा प्राध्यापक. दोघांचेही स्मरण चर्चने ९ तारखेला ठेवले. आईसाठी एक दिवस सरकायला संतांची हरकत नसावी.

ओझानाम अजून संतपदाच्या एक पायरी अलीकडे, 'धन्य' म्हणून घोषित आहे. १८३३ मध्ये, विशीतला विद्यार्थी असताना, त्याने मित्रांसह सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटी काढली. नियम साधा : गरिबाला दारात बोलावायचे नाही, आपण त्याच्या घरी जायचे. आपल्याकडच्या अनेक धर्मग्रामांत आजही तिच्या शाखा आहेत. उद्या ओझानामचे नाव मिस्साला आलेल्या मोजक्यांच्याच कानी पडेल. सोसायटीचे सभासद मात्र कुणाचे भाडे थकले, कुणाचे औषध संपले हे पाहायला त्या त्या घरी जातच असतात.